आर्क्टिक समुद्रातले तेल आणि वायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिकमध्ये नेमके किती तेल आहे?

सगळीकडे फिरणारा आकडा २००८ सालचा आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने त्या वर्षी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडच्या भागासाठी अंदाज दिला: न सापडलेले सुमारे ९० अब्ज बॅरल तेल, १,६६९ ट्रिलियन घनफूट वायू आणि ४४ अब्ज बॅरल द्रवरूप वायुघटक. जगातल्या न सापडलेल्या तेलाच्या साधारण १३ टक्के आणि वायूच्या ३० टक्के. यातला ८४ टक्के भाग समुद्राखाली.

बातम्यांमध्ये या आकड्याची एक अट नेहमी गळते. हा साठा तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगा आहे, परवडण्याजोगा नव्हे. खर्च त्यात धरलेलाच नाही, आणि कायमचा समुद्री बर्फ किंवा खोल पाणी असले तरी साठा काढता येईल असे गृहीत धरले आहे. दुसरे म्हणजे या साठ्यात वायूचे पारडे जड आहे. तेल टँकरमध्ये भरून नेता येते. वायूसाठी किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन किंवा द्रवीकरणाचा कारखाना लागतो. बॅरेंट्स समुद्रातले श्टॉकमन क्षेत्र १९८८ मध्ये सापडले. साठा ३.९ लाख कोटी घनमीटर, म्हणजे अवाढव्य, पण किनारा सुमारे ६०० किलोमीटर दूर. २०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळून ठेवला गेला आणि वायू अजून जिथल्या तिथे आहे.

मग समुद्रात आज खरोखर उत्पादन कुठे चालू आहे?

वाटते त्यापेक्षा फार कमी ठिकाणी. नॉर्वेच्या बॅरेंट्स समुद्रात तीन क्षेत्रे आहेत: स्नेव्हिट (वायू, २००७ पासून), गोलियाट (तेल, २०१६ पासून) आणि योहान कास्टबर्ग (तेल, ३१ मार्च २०२५ पासून). रशियाच्या पेचोरा समुद्रात प्रिराझलोम्नोये, डिसेंबर २०१३ पासून. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत एंडिकॉट (१९८७), नॉर्थस्टार (२००१), उगुरुक (२००८) आणि निकाइचुक (२०११), ही सगळी उथळ पाण्यात. कॅनडाच्या बोफोर्ट समुद्रात सत्तर-ऐंशीच्या दशकात भरपूर खोदकाम झाले, तेल सापडलेही, पण नियमित उत्पादन सुरू झाले नाही. ग्रीनलंडने जुलै २०२१ मध्ये नवे परवाने देणेच थांबवले.

रशियाच्या यमाल द्वीपकल्पावरच्या वायूप्रकल्पाचे नाव या यादीत नाही, कारण त्याच्या विहिरी जमिनीवर आहेत. समुद्राशी त्यांचा संबंध बंदर आणि जहाजांपुरता.

नकाशावर हे सगळे एकाच पट्ट्यात दिसत असले तरी आर्क्टिक हा एक समुद्र नव्हे. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे नैऋत्य बॅरेंट्स समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. तिथे तरंगते जहाज नांगरून वर्षभर तेल काढता येते. तेच जहाज बोफोर्टमध्ये जानेवारीत उभे केले तर नांगराच्या साखळ्या तुटतील. म्हणून "नॉर्वेला जमते तर इतरांना का नाही" हा वाद बहुतेकदा चुकीच्या पायावर सुरू होतो.

मुंबई हायवर आपण पन्नास वर्षे तेल काढतो आहोत. तो अनुभव चालत नाही का?

भूगर्भशास्त्र, विहिरीची रचना, तेल-वायू-पाणी वेगळे करणे हे सगळे तेच असते. पाण्याच्या पातळीपासून वरचे मात्र जवळजवळ सगळे बदलते.

मुंबई हायचे प्लॅटफॉर्म म्हणजे नळ्यांची जाळीदार चौकट, तेलकामाच्या भाषेत जॅकेट. लाट त्यातून आरपार जाते, म्हणून भार कमी पडतो. बर्फ आरपार जात नाही. पायांच्या आणि आडव्या-तिरक्या नळ्यांच्या मध्ये तो अडकतो, मागून येणारा त्यावर चढतो, आणि थोड्या वेळात ती जाळी बर्फासाठी भरीव भिंत होते. भार मग एकेका पायावर न पडता पूर्ण रुंदीवर पडतो. अलास्काच्या कुक इन्लेटमध्ये साठच्या दशकापासून म्हणूनच मोजके जाड पाय असलेले प्लॅटफॉर्म आहेत, आणि पाण्याच्या पातळीला एकही तिरकी नळी ठेवलेली नाही.

दुसरा फरक अंतराचा. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर, पाणी पाऊणशे मीटर, जुहूहून हेलिकॉप्टर, उरणला पाइपलाइन. शेल कंपनीने अलास्काच्या वायव्येकडच्या चुकची समुद्रात खोदलेल्या विहिरीसाठी खोल पाण्याचे सोयीचे बंदर डच हार्बर होते, सुमारे १,६०० किलोमीटरवर. एखादा व्हॉल्व्ह विसरला तर तो आठवड्याने येतो, हंगाम मात्र थांबत नाही.

थंडीमुळे नेमके काय बिघडते?

साधे पोलाद उणे तापमानात ठिसूळ होते. वाकण्याऐवजी तडकते. म्हणून क्रेनचा बूम (लांब हात), पॅडआय (उचलण्यासाठी जोडलेले भोकाचे पत्रे), शॅकल (दोर जोडायची कडी), हेलिडेकचे आधार यांचे पोलाद उणे ४० किंवा त्याहून कमी तापमानावर शार्पी चाचणी, म्हणजे हातोड्याच्या एका घावाने नमुना मोडून पाहण्याची चाचणी, करून घेतात. सगळे लक्ष मोठ्या सांगाड्यावर जाते आणि तडकतो बाजारातून आणलेला छोटा शॅकल, असे घडू शकते. सुट्या भागांची प्रमाणपत्रे तपासणे हे कंटाळवाणे काम म्हणूनच महत्त्वाचे. रबरी सील कडक होतात, हायड्रॉलिक तेल घट्ट होते.

पाण्याच्या नळ्यांचा नियम सोपा आहे: पाणी एक तर वाहते ठेवा, नाहीतर काढून टाका. जिथे पाणी साचून राहते असा बंद फाटा नकाशावरच खोडायचा. आग विझवायच्या पाण्याचे कडे एक तर सतत फिरते ठेवतात किंवा कोरडे. बाकी नळ्यांना विजेवर गरम होणारी केबल गुंडाळतात आणि वर आवरण घालतात. केबलचा एक टप्पा जळाला तर बाहेरून काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याचा विद्युतप्रवाह वेगळा मोजावा लागतो.

माणसांना वाऱ्यापासून वाचवायला डेरिक (खोदकामाचा मनोरा) आणि डेक भिंतींनी बंद करतात. पण बंद जागेत वायू साचतो, आणि उघड्यावर जी गळती वाऱ्यावर उडून गेली असती ती इथे स्फोटापर्यंत पोचू शकते. मग पंखे, वायुशोधक आणि स्फोटात आधी उडून जातील अशा भिंती आल्या. एका सोयीसाठी तीन नवी यंत्रणा, हा इथला नेहमीचा हिशेब.

तुषारांचा बर्फ हा वेगळा शत्रू. हवा उणे दोन अंशांच्या खाली, वारा सेकंदाला दहा मीटरच्या पुढे आणि लाटांचे तुषार उडत असतील तर कठड्यांवर, शिड्यांवर, अँटेनावर बर्फ चढत जातो. वजन वर साठल्यामुळे लहान जहाजाचा तोल जातो. प्लॅटफॉर्मवर लाइफबोटीचे हुक, वायुवीजनाच्या जाळ्या आणि सुटकेची दारे गोठतात. वाफेचे पाइप आणि लाकडी हातोडे आजही डेकवर असतात. लोखंडी हातोडा रंग आणि केबल दोन्ही फोडतो.

बर्फाची लादी प्लॅटफॉर्मवर आदळली तर?

आदळतेच. प्रश्न कशी तुटते याचा आहे. उभ्या भिंतीवर बर्फ दाबून चिरडला जातो, आणि चिरडायला भरपूर बळ लागते. भिंत उतरती असेल तर लादी वर चढते किंवा खाली दाबली जाते आणि वाकून मोडते. वाकवून मोडायला लागणारे बळ कितीतरी कमी. १९८३ मध्ये बांधलेल्या कुलुक या तरंगत्या खोदकाम रिगचा शंकूसारखा सांगाडा याच हिशेबाने केलेला होता.

एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ साधारण दीड ते दोन मीटर जाड असतो. अनेक वर्षे टिकलेला बर्फ त्याहून जाड असतो, शिवाय त्यातले मीठ झिरपून गेल्यामुळे तो अधिक टणकही असतो. खरी धास्ती कड्यांची. दोन लाद्या एकमेकींवर रेटल्या की तुकड्यांचा ढीग बनतो. वर दिसतो त्याच्या चौपट-पाचपट भाग पाण्याखाली असतो.

मोलिकपाकची घटना या क्षेत्रातल्या प्रत्येकाला शिकवली जाते. हे पोलादी रिंगणासारखे बांधकाम, मध्ये वाळू भरलेली, बोफोर्ट समुद्रात १९८४ मध्ये उभे राहिले. १२ एप्रिल १९८६ रोजी जुन्या बर्फाची मोठी लादी त्याला येऊन भिडली. बर्फ एका ठरावीक लयीत चिरडला जाऊ लागला आणि ती लय बांधकामाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली. सगळा प्लॅटफॉर्म थरथरू लागला. थरथरीने वाळूतल्या पाण्याचा दाब वाढला आणि वाळूचा काही भाग पातळ होऊ लागला. ज्या वाळूच्या वजनावर बांधकाम जागेवर उभे, तीच सुटायला लागली होती. लादी थांबली आणि प्लॅटफॉर्म वाचला. त्या दिवशीच्या भाराचे पहिले अंदाज पुढच्या अभ्यासात बरेच खाली आले, पण लय जुळण्याचा धोका आता प्रत्येक आराखड्यात तपासतात. पुढे मोलिकपाक रशियाच्या साखालिन बेटाजवळ नेऊन वापरले.

प्रिराझलोम्नोये क्षेत्रावरच्या प्रिराझलोम्नाया प्लॅटफॉर्मचे उत्तर निव्वळ वजन आहे: १२६ मीटर लांब-रुंद तळ, तीन मीटर जाड पोलाद-काँक्रीटच्या भिंती, वीसेक मीटर पाण्यात तळावर बसवलेला, पायाशी दगडांचा बंधारा. वरचा भाग मात्र उत्तर समुद्रातल्या जुन्या हटन प्लॅटफॉर्मचा आणला होता. जुने सामान नव्या पायावर बसवून पैसे वाचवायचा तो बेत वेळेच्या हिशेबात अंगलट आला. काम नव्वदच्या दशकात सुरू झाले आणि प्लॅटफॉर्म जागेवर पोचला २०११ मध्ये.

उथळ पाण्यात खडीचे बेट बांधतात म्हणे. कसे?

नॉर्थस्टारचे उदाहरण घ्या. पाणी १२ मीटर, किनारा दहाएक किलोमीटर. काम उन्हाळ्यात नव्हे, भर हिवाळ्यात होते.

आधी बर्फाचा रस्ता. समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठावर पंपाने पाणी पसरत राहायचे. एक थर पूर्ण गोठल्यावरच दुसरा. घाई केली तर मध्ये ओला थर अडकतो आणि रस्ता तिथेच दगा देतो. गोड्या पाण्याच्या चांगल्या बर्फाचा ठोकताळा असा: जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, चारने गुणा, तेवढे किलो तो पेलतो. ३० सेंटिमीटरवर साडेतीन टन, एक मीटरवर ४० टन. समुद्री बर्फ याहून कच्चा, म्हणून जाडी वाढवावी लागते. ट्रकचा वेगही आखून दिलेला असतो. चाकाखाली बर्फ किंचित वाकतो, त्यामुळे खालच्या पाण्यात लाट तयार होते, आणि ट्रक त्या लाटेच्याच वेगाने चालला तर बर्फ फुटतो.

बेटाच्या जागी बर्फाचे ठोकळे कापून काढतात आणि त्या भोकातून खडी ओततात. खाणीतून येणाऱ्या खडीत बर्फ मिसळलेला असतो. उन्हाळ्यात तो वितळला की बेट खचते. म्हणून भर जास्त टाकायची, बसू द्यायची आणि मग कडेला काँक्रीटच्या जोडठोकळ्यांचे आवरण घालायचे. लाटांनी हे आवरण दर वर्षी कुठेतरी उचकटते, आणि त्याची डागडुजी हा कायमचा खर्च.

पाइपलाइन समुद्रतळावर ठेवता येत नाही?

नाही. बर्फाच्या कड्याचा पाण्याखालचा भाग उथळ ठिकाणी तळाला टेकतो आणि नांगरासारखा ओरखडत जातो. पाइप नुसता ओरखड्यापेक्षा खोल पुरला म्हणून भागत नाही, कारण ओरखड्याच्या खालची मातीही सरकते आणि पाइपला वाकवते. नॉर्थस्टारच्या पाइपलाइनवर किमान दोन मीटर मातीचे आच्छादन आहे. तीही हिवाळ्यात पुरली: बर्फात लांब फट कापायची, बर्फावर उभ्या केलेल्या एक्स्कव्हेटरने चर खणायचा, शेजारी वेल्डिंग करून ठेवलेला पाइप क्रेनच्या रांगेने खाली सोडायचा.

वसंतात वेगळाच प्रकार होतो. समुद्राचा बर्फ जागेवर असतानाच नद्या वितळतात आणि त्यांचे पाणी बर्फावरून समुद्राकडे पसरते. एखादे छिद्र सापडले की सगळे पाणी भोवऱ्यासारखे खाली घुसते आणि तळाला खड्डा पाडते. त्या खड्ड्यावर पाइप आला तर तो अधांतरी लोंबकळतो. म्हणून नदीच्या मुखासमोरची रेषा टाळतात आणि दर उन्हाळ्यात सोनारने तळ तपासतात.

गळती शोधणे आणखी अवघड. किती तेल आत गेले आणि किती बाहेर आले याची तुलना करणारी यंत्रणा छोटी गळती पकडू शकत नाही. अलास्काचा नियम दिवसाच्या प्रवाहाच्या एक टक्का गळती कळली पाहिजे असा आहे. एक टक्क्याखालची गळती बर्फाखाली महिनोन्महिने चालू शकते. त्यावर उपाय म्हणून पाइपालगत दुसरी बारीक नळी टाकतात, जिच्यात तेलाची वाफ झिरपते. ठरावीक वेळाने तिच्यातली हवा ओढून तपासायची.

खोल पाण्यात काय करतात?

स्नेव्हिटमध्ये पृष्ठभागावर काहीच नाही. २५० ते ३४५ मीटर खोल तळावर विहिरींची तोंडे आणि तिथून १४३ किलोमीटर पाइपलाइन हामरफेस्टजवळच्या मेल्केया बेटावर. इथला प्रश्न हायड्रेट. वायू आणि पाणी दाबाखाली चार-पाच अंशांच्या समुद्रात एकत्र आले की बर्फाच्या चुऱ्यासारखा घन पदार्थ बनून पाइप तुंबतो. शून्याच्या वरही तो बनतो, हे नवख्याला पटत नाही. उपाय म्हणजे विहिरीच्या तोंडाशीच ग्लायकॉल सोडायचे, बेटावर ते वेगळे काढून शुद्ध करायचे आणि परत पाठवायचे. हायड्रेट झालेच तर दाब दोन्ही बाजूंनी सावकाश उतरवायचा. एकाच बाजूने उतरवला तर गुठळी सुटून गोळीसारखी धावते आणि वाकणावर पाइप फोडते.

वायूसोबत आलेला कार्बन डायऑक्साइड २००८ पासून परत समुद्राखाली सोडतात. सप्टेंबर २०२० मध्ये मेल्केयाच्या कारखान्याला आग लागली आणि तो २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत बंद राहिला. त्या काळात विहिरी ठणठणीत असूनही वायू विकता आला नाही.

गोलियाटचे जहाज चक्क गोल आहे. वारा कुठूनही आला तरी वळायला नको. वीज किनाऱ्यावरून केबलने येते.

शेलने अलास्का का सोडले?

हंगामामुळे, आणि विहीर निराशाजनक निघाल्यामुळे. चुकची समुद्रात साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाणी मोकळे, म्हणजे जेमतेम शंभर दिवस. त्यातही शेवटचा महिना तेलाच्या थरात खोदता येत नाही. विहीर फुटली तर बाजूने दुसरी विहीर खोदून तिला मारण्याइतके दिवस हाती हवेत, नाहीतर ती बर्फाखाली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाहत राहील.

विहीर सुरू करण्याआधी तळात सुमारे १२ मीटर खोल खड्डा खणतात आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहीर उसळली तर तिचे तोंड बंद करणारे व्हॉल्व्ह, त्यात बसवतात. बर्फ रिगवर चाल करून आला तर रिग सुटून जाऊ शकते आणि बर्फाचा कडा वरून गेला तरी प्रिव्हेंटर शाबूत राहतो. या खड्ड्यालाच बरेच दिवस जातात.

२०१२ मध्ये गळती झाकण्याचा घुमट चाचणीतच चेपला, त्यामुळे तेलाच्या थरापर्यंत खोदायला परवानगी मिळाली नाही. डिसेंबरात कुलुक रिग ओढून नेताना दोर सुटला, टगची चारही मुख्य इंजिने बंद पडली आणि ३१ डिसेंबरला रिग कोडियाकजवळच्या बेटावर जाऊन आदळली. वर्ष संपण्याआधी ती अलास्काबाहेर काढली तर कर वाचणार होता, हेही भर हिवाळ्यात निघण्यामागचे एक कारण असल्याचे चौकशीत नोंदले गेले. २०१५ मध्ये बर्गर-जे विहीर ४६ मीटर पाण्यात सुमारे २,०७० मीटर खोल गेली. तेल-वायूच्या खुणा मिळाल्या, पुरेसा साठा नाही. २८ सप्टेंबरला कंपनीने माघार जाहीर केली. तोवर सुमारे सात अब्ज डॉलर गेले होते.

तेल सांडले तर बर्फातून काढता येते का?

थोडेफार. तरंगत्या कुंपणाचा उपयोग बर्फाने पृष्ठाचा साधारण तीस टक्के भाग व्यापेपर्यंतच, पुढे तुकडे कुंपण ओढून नेतात. दाट बर्फात जाळणे हा मार्ग उरतो. बर्फ तेलाला पसरू देत नाही, थंडीत ते उडून जात नाही आणि पाण्यात सावकाश घुसळते, म्हणून जाळण्याची मुदत लांबते. पण थर किमान दोन-तीन मिलिमीटर जाड हवा आणि तेलात पाणी फार मिसळलेले नको. पेटवून उरणारा चिकट गाळ हातानेच गोळा करावा लागतो.

हिवाळ्यात बर्फाखाली गेलेले तेल एक-दोन दिवसांत नव्या बर्फाच्या थरात बंद होते आणि लादीबरोबर प्रवासाला निघते. वसंतात ते खारट पाण्याच्या बारीक नळ्यांतून वर येते, तेव्हा लादी कुठल्या देशाच्या पाण्यात असेल ते वारा ठरवतो. म्हणून लादीवर जीपीएस बोया टाकून ठेवतात. शोधासाठी जमिनीत पाहणारे रडार वापरतात, आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात प्रशिक्षित कुत्र्यांच्याही चाचण्या झाल्या.

बर्फ वितळतो आहे, मग काम सोपे होणार ना?

जहाजांना मोकळे दिवस जास्त मिळतील, इतकेच. मोकळे पाणी वाढले की लाटा मोठ्या होतात, तुषारांचा बर्फ वाढतो, गोठलेल्या मातीचे किनारे झिजतात. बर्फाचे रस्ते उशिरा बनतात आणि लवकर मोडतात. तुटका, हलता बर्फ स्थिर बर्फापेक्षा त्रासदायक.

स्थानिक लोकांचे म्हणणे काय?

एकमत नाही. अलास्कातल्या इन्युपियाट या मूळ रहिवाशांच्या गावांना तेलाच्या करातून शाळा-दवाखाने मिळाले आहेत, आणि त्याच गावांचे अन्न बोहेड व्हेलच्या शिकारीवर आहे. व्हेल आवाजापासून वीसेक किलोमीटर दूर वळतात. लहान बोटीतल्या शिकाऱ्यासाठी तेवढे अंतर जिवावरचे असते. म्हणून बोफोर्टमधल्या शेलच्या आराखड्यात २५ ऑगस्टपासून काक्टोविक आणि नुइक्सुट गावांची शिकार संपेपर्यंत खोदकाम बंद ठेवायचे कलम होते.

अमेरिकेच्या आर्क्टिक समुद्रात तेल काढण्यावर बंदी आहे की नाही?

अध्यक्षावर अवलंबून. डिसेंबर २०१६ मध्ये बंदी आली, २०१७ मध्ये उठवली, २०१९ मध्ये न्यायालयाने ती उठवणे रद्द केले, २०२१ मध्ये पुन्हा लागू झाली, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा उठवली. विहिरीपासून उत्पादनापर्यंत दहा-पंधरा वर्षे लागणाऱ्या धंद्यात एवढी अनिश्चितता हीच जवळजवळ बंदी.

भारताचा यात काही वाटा?

ओएनजीसी विदेशचा रशियाच्या साखालिन-१ तेलप्रकल्पात २००१ पासून २० टक्के वाटा आहे. साखालिन आर्क्टिक वृत्ताच्या बरेच खाली आहे, पण ओखोत्स्क समुद्रात हिवाळ्यात बर्फ असतो. तिथली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे: किनाऱ्यावर रिग उभी करून आडव्या विहिरी समुद्राखाली नेल्या. २०१२ मधली चायवो क्षेत्रातली एक विहीर १२,३७६ मीटर लांबीची होती. बर्फाशी गाठच पडत नाही. आर्क्टिकमधले भारताचे विज्ञानकाम, स्वालबार्डचे हिमाद्री केंद्र, गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत चालते. त्याचा तेलाशी संबंध नाही.

तिकडे कामाला जायचे असेल तर काय लागते?

रिग किंवा प्लॅटफॉर्मसाठी बोसिएट, म्हणजे समुद्रातल्या कामाआधीचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, त्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचा सराव. चार वर्षांनी उजळणी. जहाजावर जाणार असाल तर १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या पोलर कोडमुळे (ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम) बर्फाच्या पाण्यात मास्टर आणि चीफ मेट यांना अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र हवे, आणि त्यासाठी ध्रुवीय पाण्यातली प्रत्यक्ष सेवा मोजली जाते, नुसता कोर्स नाही. सर्व्हायव्हल सूट स्वतःच्या मापाचा घ्या आणि मनगटाचे, गळ्याचे सील दर वेळी तपासा. दोन अंशांच्या पाण्यात पहिला मिनिट श्वास आवरण्यात जातो, पुढची दहाएक मिनिटे बोटे चालतात, त्यानंतर झिप ओढणे जमत नाही. म्हणून झिप हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी लावायची, हवेत असताना नव्हे.